परसदाराचा हिशेब



व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत नाना विषय आपण ऐकत असता. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी जमिनीवरचा आहे. घरच्या जागेत भाजी कशी लावावी, का लावावी आणि ती लावून आपल्या पदरात नेमके काय पडते, एवढेच आम्हाला आज सांगावयाचे आहे. भाजी हा विषय मंडईत पिशवी घेऊन जाण्याचा, त्यावर तासभर व्याख्यान कशाला, असे कोणाला वाटल्यास आमची तक्रार नाही. मात्र ज्या वस्तूवाचून आपले एकही जेवण होत नाही, तिच्याविषयी वर्षातून एक संध्याकाळ विचार करणे काही फार नव्हे.

'परसबाग' हा शब्द आपण आता कोणत्याही बागेला लावतो. परस म्हणजे घराची मागची बाजू. पुढच्या अंगणात तुळस, जाई-जुई, पाहुण्यांची ऊठबस. आणि मागे परसात विहीर किंवा हौद, न्हाणीचा दगड, धुणे, भांडी आणि भाजीपाला. अंगण लोकांना दाखवावयाचे आणि परस घरच्यांनी वापरावयाचे, अशी ती वाटणी होती. परसात काय असे ते आठवून पाहा. मोरीचे पाणी जिथे वाहून जाई तिथे अळू आणि केळ. कुडाच्या आधाराने वालाचा किंवा घोसाळ्याचा वेल. एका कडेला शेवगा, दुसऱ्या कडेला कढीलिंब. कोपऱ्यात उकिरडा, त्यात निवडलेल्या भाजीची देठे, चुलीची राख, झाडलोटीचा कचरा. पाऊस उघडला की त्या उकिरड्यावर न लावता भोपळ्याचा वेल आपोआप चढे.

हे सारे कोणी आराखडा काढून केलेले नव्हते, तरी त्यात एक चोख व्यवस्था होती. अळूला पाय ओले लागतात म्हणून ते मोरीशी. केळ पाणी पिते म्हणून तीही तिथेच. शेवग्याला पाणी साठलेले खपत नाही म्हणून तो उंचवट्यावर. घरातून बाहेर जाणारे पाणी आणि कचरा परसात थांबत असे आणि भाजीच्या रूपाने पुन्हा घरात येत असे. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न खावयाचे नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशीच्या भाजीत अळू, लाल माठ, अंबाडी, पडवळ, शिराळी, भोपळा असे जे जे पडते, ते बहुतेक सारे नांगरावाचून परसात येणारे आहे. आम्हाला तर तो परसबागेचा वार्षिक उत्सवच वाटतो. आज आपण त्या भाजीचे जिन्नस मंडईतून वाटे विकत आणून व्रत पाळतो, हा भाग वेगळा.

मग झाले काय? वाडे गेले आणि सदनिका आल्या. या बदलाबद्दल उसासे टाकावयास आम्ही इथे उभे नाही. वाड्यातल्या गैरसोयी ज्यांनी भोगल्या त्यांना नळ आणि संडास घरात आल्याचे मोल विचारावे. पण एक गोष्ट मात्र घडली. घराला मागची बाजूच उरली नाही. पाणी नळाने येते आणि नळीने जाते. अन्न पिशवीतून येते आणि कचऱ्याच्या गाडीतून जाते. पुण्याचेच उदाहरण घ्या. या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत नेऊन टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, आगी लागल्या, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. शहरातल्या घरांतून निघणाऱ्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. म्हणजे साली, देठे, उष्टे, चहाचा चोथा. आपल्या परसात ज्याचे खत झाले असते, ते दुसऱ्याच्या दारात जाऊन कुजले. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. परंतु वेगळा केलेला ओला कचरा पुढे कुठे जावा, याचे जुने उत्तर आपल्या आजीला ठाऊक होते.

आता हिशेबाकडे वळू. परसबागेवर बोलणारे लोक उत्साहाच्या भरात असे सांगतात, की गॅलरीत चार कुंड्या ठेवा आणि मंडईला रामराम ठोका. हे खरे नाही, आणि खोट्या आशेवर सुरू केलेली बाग दोन महिन्यांत वाळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात माणशी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चार माणसांच्या घराला दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ५८० किलोंच्या वर भाजी झाली. आपल्या देशात भाजीपाल्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी १८ टनांच्या आसपास धरतात. म्हणजे एका चौरस मीटरला एका पिकाचे पावणेदोन किलो. वर्षातून तीन पिके नेमाने घेतली, तर पाच-सव्वापाच किलो. याचा अर्थ, चार माणसांची सगळी भाजी घरी पिकवावयाची तर गुंठ्याहून थोडी अधिक जमीन हवी. आणि गॅलरीत आपल्याला जागा मिळणार फार तर चार चौरस मीटर. तिथे सारे काही उत्तम साधले, तरी वर्षाकाठी वीस-एकवीस किलो, म्हणजे घराची तेरा दिवसांची भाजी.

तीनशे पासष्ट दिवसांपैकी तेरा! इथे सभेतले व्यवहारी लोक उठून जाण्याच्या विचारात असतील. त्यांनी जरा बसावे. वीस किलो कांदे-बटाटे गॅलरीत पिकवणे हा वेडेपणा आहे, हे आम्हालाही मान्य आहे; ते शेतकऱ्याकडूनच घ्यावेत. परंतु भाजी सगळी वजनाने मोजावयाची नसते. कोथिंबीर, पुदिना, मिरची, कढीलिंब, मेथी, माठ, चुका यांचे मोल ताजेपणात आहे. पालेभाजीतले क जीवनसत्त्व खुडल्यापासूनच घटू लागते. दूरच्या शेतातून रात्री निघालेली जुडी सकाळी मंडईत, संध्याकाळी घरात आणि परवा कढईत, हा प्रवास तिला मानवत नाही. शिवाय शहराभोवती कित्येक ठिकाणी पालेभाजी नाल्याच्या मैल्या पाण्यावर वाढते, ही शंका आपल्या मनात असतेच. म्हणून थोडी जागा असलेल्याने पाला लावावा, आणि जास्त जागा असलेल्याने त्यापुढे जावे. असे केले म्हणजे ते तेरा दिवस वर्षभराच्या ताटांतून चिमटी-चिमटीने वाटले जातात आणि घरात रोज काहीतरी आपल्या हातचे शिजते.

आता कृतीकडे. पहिली गोष्ट ऊन. भाजी हे उन्हाचे पीक आहे. मिरची, वांगी, टोमॅटो आणि सर्व वेल यांना रोज निदान सहा तास थेट ऊन हवे. तीन-चार तासांवर पालेभाज्या, पुदिना आणि अळू भागवून घेतात. त्याहून कमी ऊन असेल तर भाजीचा हट्ट सोडावा. कुंड्या आणण्यापूर्वी सुटीच्या एखाद्या दिवशी दर दोन तासांनी गॅलरीत डोकावून ऊन कुठून कुठे सरकते ते पाहावे. फुकटचे काम आहे, पण पुढचा अर्धा मनस्ताप त्याने वाचतो.

दुसरी गोष्ट माती. आणि गच्चीवर बाग करणारांनी इथे कान द्यावेत. राहत्या इमारतीची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोंचा वावराचा भार धरून बांधलेली असते. तिच्यावर वीतभर ओल्या मातीचा थर दिला, तर तो चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जातो. तेव्हा सोसायटीचे चिटणीस गच्चीवरच्या बागेला नकार देतात, तो दर वेळी केवळ आकसाने देतात असे समजू नये. यावर उपाय आहे. निव्वळ मातीऐवजी कुजलेला पालापाचोळा आणि घरचे खत मोठ्या प्रमाणात आणि माती थोडी, असे मिश्रण वापरावे. ते वजनाला हलके आणि भाजीला अधिक मानवणारे असते. वाफे सरसकट न पसरता भिंतींच्या कडेने, तुळयांच्या रेषेत ठेवावेत, खाली विटा देऊन पाण्याला वाट करावी, आणि मोठा बेत असेल तर बांधकामाच्या जाणकाराला आधी विचारावे. मेथी, कोथिंबीर, पालक यांना वीतभर खोली पुरते, मिरची-वांग्याला फूटभर, दुधी, दोडका, कारले यांना दीड फूट आणि रुंद तोंडाचे भांडे.

तिसरी गोष्ट खत. हेच या सगळ्या खटाटोपाचे हृदय आहे असे आम्ही समजतो. एक जुने पिंप किंवा वेताची टोपली घ्यावी, तिला सगळीकडून भोके असावीत. तळाशी काटक्या आणि वाळका पाला. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि त्याच्या दुप्पट आकारमानाचा वाळका पाला वर पसरावा. मूठभर जुने खत किंवा बागेतली माती विरजणासारखी घालावी. आठवड्यातून एकदा खालवर करावे. ओल किती असावी? पिळून काढलेल्या फडक्याइतकी. घाण वास येऊ लागला तर समजावे की पाणी जास्त झाले आणि हवा कमी पडली. आणखी वाळका पाला घालून हलवावे, वास जातो. कचरा नुसताच वाळून बसला तर पाणी शिंपडावे. दोन-तीन महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत खत होते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. हा वास मातीतल्या एका जातीच्या सूक्ष्म जीवांचा असतो. तो आला की खत तयार झाले असे समजावे. शिजलेले तेलकट अन्न, मांस-मासळी मात्र सुरुवातीला टाळावी. उंदीर-घुशींना आमंत्रण जाते.

चौथी गोष्ट पाणी. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात एका चौरस मीटर वाफ्यातून दिवसाला पाच ते आठ लिटर पाणी उडून जाते. टंचाईच्या दिवसांत नळाचे पिण्याचे पाणी भाजीला घालणे मनाला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत साठवले तर लहान बागेचे बरेचसे काम त्यातच भागते. साबणाचे पाणी कुंडीत घालू नये. वाफ्यावर दोन बोटे वाळक्या पाल्याचे आच्छादन घातले की पाणी खूपच कमी लागते. नवशिक्यांच्या कुंड्यांतली रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नये.

लावणीचे पंचांग सोपे आहे. मृग-आर्द्राला भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारले. गणपतीच्या सुमारास टोमॅटो-वांग्याची रोपे तयार करावयास घ्यावीत. दसरा-दिवाळीला मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, नवलकोल. महाशिवरात्रीला थंडी सरली की पुन्हा भेंडी, गवार, काकडी, आणि उन्हाळ्याला टिकणारा तांबडा माठ. धने पेरताना ते रगडून दोन करावेत, कारण एका धन्यात दोन बिया असतात. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत ताटात येते. म्हणून घरात मुले असतील त्यांनी मेथीपासून आरंभ करावा. मुलांच्या धीराला मेथीच झेपते.

वेलांच्या बाबतीत एक अडचण पुष्कळांना येते. दुधीला फुले येतात, पण बोटभर फळ होऊन पिवळे पडते आणि गळते. दुधी-भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले निरनिराळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासून दिसते. नराचे पराग तिच्यापर्यंत पोचले नाहीत तर फळ धरत नाही, आणि चौथ्या मजल्यावर भुंगे-मधमाश्या दर वेळी येतीलच असे नाही. अशा वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि परागाची दांडी मादी फुलात हलक्या हाताने फिरवावी. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, म्हणून त्याला सकाळी. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, म्हणून त्याला दिवेलागणीला. कीड पडली तर घाबरून बाजारातले विषारी औषध आणू नये. मावा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो. ठिपक्यांचे लहान ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या मावा खाऊन टाकतात. त्यांना शत्रू समजून मारू नये.

इथवर झाली ती व्यवहाराची बाजू. पण बियाण्याची गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. बाजारात मिळणाऱ्या बियांच्या पुड्यांपैकी पुष्कळ संकरित असतात. त्यांचे पहिले पीक जोमदार येते, पण त्या पिकाचे बी धरून पुन्हा पेरले तर मूळचे गुण तसेच उतरत नाहीत. दर हंगामाला नवी पुडी घ्यावी लागते. व्यापारी शेतकऱ्याला ते परवडत असेल. परंतु आपल्या गावोगावच्या वालाच्या, घेवड्याच्या, वांग्यांच्या, भोपळ्यांच्या ज्या शेकडो जाती होत्या, त्या टिकल्या कुठे? मोठ्या शेतात त्या टिकल्या नाहीत. ज्या टिकल्या त्यांतल्या पुष्कळशा घरामागच्या तुकड्यांत टिकल्या. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. त्यांना शाळेत जाता आले नाही. त्यांनी परिसरातली गावठी बियाणी गोळा केली, लावून वाढवली, इतर बायांना वाटली आणि घरी बियाण्यांची पेढीच उघडली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कागदावर एक अक्षर न लिहिता या बाईंनी जे ग्रंथालय उभे केले, ते आमच्या मते कोणत्याही विद्यापीठाला भूषण वाटावे असे आहे. आपल्यालाही यातला लहानसा वाटा उचलता येईल. वाल, घेवडा, चवळी, मेथी, टोमॅटो यांचे देशी बी धरणे सोपे, कारण त्यांची फुले बहुधा आपल्या आपणच फळतात. सर्वांत निरोगी झाडावरची पहिली दोन-चार फळे खाण्याचा मोह आवरावा, ती पुरती पिकू द्यावीत, बी सावलीत वाळवून कोरड्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे आणि वर नाव व साल लिहावे. शेजाऱ्याला चार बिया द्याव्यात. आपली गेली तर त्याच्याकडे राहतात.

ज्यांना गॅलरीही नाही त्यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो योग्य आहे, आणि त्याचे उत्तर एकट्याने देता येणार नाही. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकली, की नागरिकांची मागणी असेल तिथे त्यांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे माफक भाड्याने द्यावेत. तिथला ठरीव तुकडा २५० चौरस मीटरांचा, म्हणजे आपला अडीच गुंठ्यांचा. दुसऱ्या महायुद्धात बोटींनी येणारे अन्न तुटले, तेव्हा उद्याने आणि खेळाची मैदानेसुद्धा खणली गेली आणि असे तुकडे चौदा लाखांच्या घरात गेले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडल्यावर क्यूबाला तेल आणि खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवाना शहरातल्या रिकाम्या जागांवर भाजीचे वाफे उभे राहिले. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. सूर्याचा प्रकाश हेच भांडवल मानून, नेटका हिशेब ठेवला तर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा प्रपंच चालू शकतो, असे त्यांनी मांडले आणि 'प्रयोग परिवार' या नावाने शेतकऱ्यांना स्वतःच्या शेताचे संशोधक केले.

इंग्लंडला आणि हवानाला शहाणपण संकटाने शिकवले. आपण संकटाची वाट कशाला पाहावी? आपल्या शहरात शाळांची आवारे आहेत, सोसायट्यांच्या कडेच्या पट्ट्या आहेत, पुष्कळ मोकळ्या जागा नुसत्या राडारोड्याखाली पडून आहेत. नगरसेवकांकडे आपण रस्ते, दिवे आणि कमानी मागतो. कधी भाजीसाठी चार गुंठे मागून पाहावेत. शाळेच्या आवारात मुलांनी मेथीचा एक वाफा लावला तर विज्ञानाच्या पुस्तकातली चार पाने त्यांना वेगळी शिकवावी लागणार नाहीत. आणि ज्याने दोन महिने खपून सात टोमॅटो काढले, तो पुढे मंडईत शेतकऱ्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना जरा अडखळेल. आम्हाला विचाराल तर परसबागेचे सर्वांत मोठे पीक हेच. अन्न किती कष्टाने येते हे व्याख्यानाने समजत नाही. खुरपे हाती धरल्याने समजते. अरणच्या सावता माळ्याला पंढरपूरला न जाता मळ्यातच विठ्ठल भेटला, अशी आपली श्रद्धा आहे. आपली तेवढी योग्यता नसेल, पण मळ्यातल्या माणसाची ओळख तरी आपल्याला व्हावी.

श्रोतेहो, व्याख्यानाची वेळ संपत आली आणि कामाची वेळ जवळ आली आहे. वसंताने झाडांची जुनी पाने रस्त्यावर लोटली आहेत. सकाळी ठिकठिकाणी त्यांचे ढीग करून पेटवतात आणि त्या धुराने सारी आळी खोकत असते. ती पाने म्हणजे आपल्या बागेची माती आहे. उद्या सकाळी एक पोते घेऊन खाली उतरावे आणि ते भरून वर आणावे. आजपासून घरातला ओला कचरा त्या पानांच्या थरांत घालावा. मृग नक्षत्र जवळ आले आहे. पहिली सर येईल तेव्हा निम्मे खत झालेले असेल आणि मिरचीचे रोप लावावयास हरकत राहणार नाही. कचऱ्याच्या गाडीत त्या दिवसापासून एक बादली कमी जाईल. ती कुणाच्या तरी गावच्या वेशीवर पडावयाची होती, ती आपल्या दारी राहिली. एवढी जमा झाली तरी या वर्षीचा हिशेब वाईट नव्हे.